ग्रीन टीचा कप आणि बेझिलची पाने: तुलना नेमकी कशाची?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, सादर नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, वय ४६. गेल्या महिन्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ निघाले आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. वजनही आठ किलो जास्त आहे, म्हणून मुलीने दुधाचा चहा बंद करायला लावून ग्रीन टी आणून दिला. सकाळी उठल्याबरोबर एक कप आणि दोन्ही जेवणांनंतर एकेक, असे तीन कप मी घेते. रात्रीच्या कपाबरोबरच लोहाची गोळीही घेऊन टाकते, म्हणजे विसर पडत नाही. माझ्या जाऊबाईंनी गच्चीवर बेझिलच्या, म्हणजे इटालियन पदार्थांत घालतात त्या सुवासिक पानांच्या, चार कुंड्या लावल्या आहेत आणि ताज्या बेझिलमध्ये ग्रीन टीच्या कितीतरी पट पोषण असते, असे त्यांचे म्हणणे आहे. दोघींनी मला मोबाइलवर एकेक तक्ता पाठवला आहे. मुलीच्या तक्त्यात ग्रीन टीमध्ये लोह २० मिलिग्रॅम आणि बेझिलमध्ये फक्त ३. जाऊबाईंच्या तक्त्यात बेझिलमध्ये कॅल्शियम १७७ मिलिग्रॅम आणि ग्रीन टीमध्ये जवळजवळ शून्य. खरे कोणाचे मानावे? सासूबाई म्हणतात की दारात तुळस असताना ही परदेशी पाने हवीत कशाला. मामंजींना मात्र जाऊबाईंनी केलेली बेझिलची हिरवी चटणी इतकी आवडते की दर रविवारी ते ती पोळीला लावून भरपूर खातात. त्यांचे वय ७४ आहे, हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. ग्रीन टी चालू ठेवू की बेझिल खाऊ, हे कृपया सांगावे.

एक वाचक, बडोदे

उत्तर

प्रिय भगिनी,

आपला प्रश्न ग्रीन टी आणि बेझिलच्या तुलनेचा आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देणारच आहे. परंतु आपल्या पत्रात ओघाने आलेल्या दोन गोष्टी, म्हणजे चहाबरोबर घेतली जाणारी लोहाची गोळी आणि मामंजींची रविवारची चटणी, ह्या मला मूळ प्रश्नाहून महत्त्वाच्या वाटतात. त्यांच्याकडे पुढे वळेन. आज रात्रीची गोळी मात्र ग्रीन टीबरोबर न घेता साध्या पाण्याबरोबर घ्यावी, एवढे आधीच सांगून ठेवते.

आता तक्त्यांविषयी. दोन्ही तक्ते खरे आहेत, आणि तरीही दोन्हींतून आपल्याला हवे असलेले उत्तर मिळत नाही, कारण दोघींनी काट्यावर ठेवलेली वस्तू वेगवेगळी आहे.

मुलीच्या तक्त्यातला ग्रीन टी म्हणजे डब्यातली कोरडी पत्ती, तीही १०० ग्रॅम. जपानमध्ये घरोघरी पितात त्या सेंचा नावाच्या ग्रीन टीच्या कोरड्या पत्तीचे आकडे तिथल्या सरकारी अन्नघटक तक्त्यांत दिलेले आहेत, आणि ते पाहून कोणीही थक्क व्हावे असेच आहेत. १०० ग्रॅम पत्तीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम, २० मिलिग्रॅम लोह आणि २६० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असते. प्रथिनांच्या बाबतीत ही पत्ती आपल्या तूरडाळीच्या पंगतीला बसेल. परंतु कपभर चहासाठी आपण पत्ती घेतो दीड-दोन ग्रॅम, तिच्यावर गरम पाणी ओततो, दोन-तीन मिनिटांनी गाळतो आणि चोथा टाकून देतो. प्रथिने, कॅल्शियम, लोह, कॅरोटीन, व्हिटॅमिन के यांचा बहुतेक भाग त्या चोथ्याबरोबर कुंडीत किंवा कचऱ्यात जातो, कारण यांतले काही पाण्यात विरघळतच नाही आणि काही एवढ्या थोड्या वेळात पानातून बाहेर पडत नाही. त्याच जपानी तक्त्यांत तयार सेंचाच्या १०० मिलिलिटरमध्ये लोह अवघे ०.२ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ३ मिलिग्रॅम दिलेले आहे, आणि तिथे पत्ती आपल्या दुपटीहून अधिक घातलेली असते. तेव्हा मुलीने पाठवलेला २० मिलिग्रॅम लोहाचा आकडा खोटा नाही. तो फक्त आपल्या कपात उतरत नाही.

जाऊबाईंच्या तक्त्यात ग्रीन टी म्हणजे गाळून तयार झालेला चहा, ज्यात ९९ टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि त्याच्यासमोर बेझिलची १०० ग्रॅम ताजी पाने. ही जोडी लावली की बेझिल जिंकणार हे ठरलेलेच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नोंदींप्रमाणे १०० ग्रॅम ताज्या बेझिलमध्ये ९२ ग्रॅम पाणी, ३ ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने, १७७ मिलिग्रॅम कॅल्शियम, ३.२ मिलिग्रॅम लोह, ६४ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, १८ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४१५ मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असते. उष्मांक केवळ २३. पान म्हणून हे उत्तमच आहे. प्रश्न एवढाच की १०० ग्रॅम बेझिल म्हणजे किती? बेझिलचे एक मध्यम पान साधारण अर्ध्या ग्रॅमचे असते, म्हणजे १०० ग्रॅमसाठी सुमारे २०० पाने खुडावी लागतील. जाऊबाईंच्या चारही कुंड्या त्यात बोडक्या होतील, आणि एवढी तीव्र वासाची पाने एका वेळी खाऊन दाखवणारी व्यक्ती मला तरी अजून भेटलेली नाही.

म्हणून आपण आपल्या ताटाचा हिशोब करू. समजा आपण रोज कोशिंबिरीत किंवा ताकात बेझिलची दहा पाने चिरून घातली. वजन झाले ५ ग्रॅम. त्यातून कॅल्शियम मिळाले सुमारे ९ मिलिग्रॅम, लोह ०.१६ मिलिग्रॅम, व्हिटॅमिन सी जेमतेम १ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार आपल्या वयाच्या स्त्रीला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम, २९ मिलिग्रॅम लोह आणि ६५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागते. दहा पानांनी ह्या गरजेच्या कडेलाही हात लागत नाही. त्या मानाने मेथीची एक साधी जुडी पाहावी: १०० ग्रॅम मेथीत सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेपाच मिलिग्रॅमच्या वर लोह असते, आणि शिजल्यावर ती एका माणसाच्या पानात सहज मावते. शेवग्याचा पाला, जो गुजरातेत झाडाला मुबलक असूनही आपण शेंगा काढून घेऊन टाकून देतो, त्यात तर कॅल्शियमबरोबर व्हिटॅमिन सीसुद्धा १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. बेझिलची गुणवत्ता मेथी-शेवग्याच्या जातीचीच आहे, पण तिचा वापर कोथिंबिरीसारखा चिमटीचा आहे. कोथिंबिरीकडून आपण रोजचे कॅल्शियम मागत नाही, तेव्हा बेझिलकडूनही मागू नये.

वाळवलेल्या बेझिलच्या बाटलीवरचे आकडे पाहून आणखी एक फसगत होते, तीही येथेच सांगून टाकते. १०० ग्रॅम वाळलेल्या पानांत लोह ९० मिलिग्रॅमच्या घरात दिसते, कारण पाणी उडून गेलेले असते. पण चमचाभर वाळली पाने एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, आणि व्हिटॅमिन सी वाळवताना जवळजवळ नाहीसे झालेले असते.

मग ग्रीन टीत आहे तरी काय, असे आपण विचाराल. पोषण ह्या शब्दाचा नेहमीचा अर्थ घेतला, म्हणजे प्रथिने, खनिजे, जीवनसत्त्वे आणि उष्मांक, तर कपात जवळपास काहीच नाही. दोन-तीन उष्मांक, थोडे मँगनीज, किंचित पोटॅशियम, पत्ती ताजी असेल तर थोडे व्हिटॅमिन सी. ग्रीन टीची ख्याती आहे ती कॅटेचिन नावाच्या द्रव्यांवर. आपला नेहमीचा काळा चहा आणि ग्रीन टी एकाच झाडाची पाने आहेत. पाने खुडल्यावर लगेच वाफ देऊन किंवा कढईत परतून त्यांतली रासायनिक क्रिया थांबवली की पान हिरवे राहते आणि कॅटेचिने टिकतात; पाने चुरून हवेत तशीच ठेवली की त्यांचा रंग तांबूस होतो आणि कॅटेचिनांची दुसरी द्रव्ये बनतात. ग्रीन टीच्या एका कपात ह्या कॅटेचिनांपैकी प्रमुख अशा ईजीसीजीचे प्रमाण पत्ती, पाणी आणि वेळ यांप्रमाणे बहुधा ५० ते १०० मिलिग्रॅम असते. ही द्रव्ये प्रयोगशाळेत ऑक्सिडेशन रोखताना दिसतात हे खरे. परंतु त्यांची रोजची गरज कोणी ठरवलेली नाही, त्यांच्या अभावाने कोणताही आजार होत नाही, आणि हिमोग्लोबिन वाढवण्याशी तर त्यांचा काडीचा संबंध नाही. उलट संबंध कसा आहे ते आता सांगते.

आपल्यासारख्या शाकाहारी घरात लोह येते ते डाळी, कडधान्ये, बाजरी, पालेभाज्या यांतून, आणि ह्या प्रकारचे लोह मुळात आतड्यातून थोडेच शोषले जाते. चहातली कॅटेचिने आणि तत्सम द्रव्ये, ज्यांना आपण ढोबळपणे टॅनिन म्हणतो, ती ह्या लोहाला पोटातच धरून ठेवतात आणि मग ते रक्तात न जाता तसेच बाहेर पडते. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचे शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकते. हे काळ्या चहाने होते तसेच ग्रीन टीनेही होते. चहा हिरवा आहे म्हणून त्याला सूट नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत जेवणापूर्वी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याचे कारण हेच आहे. आपण तीनपैकी दोन कप नेमके जेवणानंतर घेता आणि गोळीलाही त्यांतल्याच एका कपाची जोड देता. म्हणजे एका हाताने लोह द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ते काढून घ्यायचे, असा हा प्रकार चालू आहे. महिन्याभराने तपासणी करून हिमोग्लोबिन हलले नाही तर दोष गोळीला दिला जाईल, आणि ते योग्य होणार नाही.

ह्यात आपल्या मुलीचा काही दोष आहे असे मी मुळीच म्हणत नाही. साखरेचा, सायीच्या दुधाचा आणि दिवसातून चार वेळा होणारा चहा तिने बंद करवला, ही चांगलीच गोष्ट केली. आपल्या बडोद्यात चहा बाजूला ठेवण्याचा निर्धार टिकवणे किती कठीण आहे हे मलाही ठाऊक आहे. फक्त कपाची वेळ बदलावी. सकाळी दहा-साडेदहाला एक आणि दुपारी चारला एक, असे दोन कप पुरेत. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी घेतल्याने पुष्कळांना मळमळते किंवा आंबट ढेकर येतात, आणि रात्रीच्या जेवणानंतरचा कप तर झोपेच्या दृष्टीनेही नको, कारण २०० मिलिलिटर ग्रीन टीत साधारण २५ मिलिग्रॅम कॅफिन असतेच. पाणी उकळले की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच पत्तीवर ओतावे. चहाला खळखळून उकळी आणल्याशिवाय आपल्या मनाचे समाधान होत नाही, पण ग्रीन टी उकळला की कडवट होतो, आणि मग तो घशाखाली उतरवण्यासाठी दोन चमचे मध घालावा लागतो, म्हणजे वाचवलेली साखर मागच्या दाराने परत आली.

लोहाची गोळी शक्यतो जेवणापासून दूर, साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. पोटाला त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून जेवणानंतर घेतली तरी चालते, मात्र तिच्या मागेपुढे दोन तास चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमची गोळी नको. जेवणात व्हिटॅमिन सी असेल तर त्याच जेवणातले लोह अधिक शोषले जाते. एका मध्यम पेरूत, ज्याला खंडेराव मार्केटातले भाजीवाले जामफळ म्हणतात, २०० मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी सहज मिळते, म्हणजे बेझिलच्या दोन हजार पानांएवढे. वरणावर, उसळीवर लिंबू पिळणे हाही सोपा उपाय आहे. बडोद्याच्या सेव-उसळीवर लिंबू पिळण्याची रीत ह्या अर्थाने अगदी शास्त्राला धरून आहे. तिच्यावरच्या शेवेबद्दल आणि तरीबद्दल मात्र मी मौन पाळते. घरात जुनी लोखंडी कढई असेल तर ती माळ्यावरून खाली काढावी आणि टोमॅटोची किंवा चिंच-कोकमाची आंबट भाजी तिच्यात करून लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

एक गोष्ट गोळी आणि आहार यांच्याही आधीची आहे. ९.८ हे हिमोग्लोबिन जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत मध्यम पंडुरोगात मोडते, आणि ४६ व्या वर्षी त्याचे कारण पुष्कळदा ताटात सापडत नाही, मासिक पाळीत जाणाऱ्या रक्तात सापडते. पाळी लांबत असेल, रक्तस्राव जास्त होत असेल किंवा गाठी पडत असतील, तर संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. पत्रात आपण याविषयी काही लिहिलेले नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

वजनाविषयीही आपली अपेक्षा थोडी खाली आणावी लागेल. ग्रीन टीने वजन उतरते का, यावर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन ह्या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात झालेली घट इतकी किरकोळ निघाली की तिला वैद्यकीयदृष्ट्या महत्त्व देता येत नाही. दुधा-साखरेचे चार कप सुटल्याने जे वजन उतरेल ते चहा सुटल्याचे श्रेय आहे, ग्रीन टीचे नाही. ह्याच ओघात सांगते की ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवण्याचा विचार कोणी घरात बोलून दाखवला तर तो मोडून काढावा. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये असे नमूद केले की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी पोटात गेल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसू लागतात. कपातून तेवढे जाणे अवघड आहे, कॅप्सूलमधून सोपे आहे.

येथे एक अवांतर गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सल्ला द्यायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलीला तिच्या आईसाठी आहाराचा कागद लिहून दिला आणि त्यावर 'ग्रीन टी, दिवसातून दोनदा' असे लिहिले. महिन्याने त्या बाई आल्या आणि म्हणाल्या की चहा छान आहे, सर्दीसुद्धा गेली. चौकशी केल्यावर कळले की त्या रोज भाजीवालीकडून लीली चा आणून उकळत होत्या. गुजरातीत लीली चा म्हणजे आपला गवती चहा, आणि त्यांनी माझ्या इंग्रजी शब्दाचे अगदी सरळ गुजराती केले होते. चूक माझी होती, त्यांची नव्हती. गवती चहाचा खऱ्या चहाच्या झाडाशी काही संबंध नाही, त्यात कॅफिन नाही. आपल्याला संध्याकाळी किंवा रात्री काहीतरी गरम हातात हवेच असेल तर पुदिना आणि आले घालून केलेले हे पाणी मी ग्रीन टीहून अधिक पसंत करेन, तेही जेवणानंतर तासाभराने, कारण पुदिन्यासारख्या पानांच्या काढ्यातही लोह अडवणारी द्रव्ये असतात.

आता सासूबाईंच्या तुळशीकडे येऊ. तुळस आणि बेझिल एकाच कुळातली असली तरी दोन वेगळ्या वनस्पती आहेत. ज्याला आपण सब्जा म्हणतो आणि ज्याचे बी गुजराती घरांत तकमरिया म्हणून फालुद्यात पडते, ते झाड आणि इटालियन बेझिल एकाच जातीचे आहे. वृंदावनातली तुळस त्यांची बहीण म्हणावी. तुळशीचा वास लवंगेकडे झुकतो, कारण लवंगेतले युजेनॉल तिच्यातही असते, तर बेझिलचा वास गोडसर, थोडा बडीशेपेकडचा असतो. तीर्थात किंवा नैवेद्यावर येणारी दोन पाने कोणी कॅल्शियमसाठी खात नाही आणि खाऊही नये. घरात तुळस असताना बेझिल कशाला, ह्या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पोषणात नाही, चवीत आहे: टोमॅटोच्या साराला तुळस लागत नाही, बेझिल लागते. एवढे त्यांना सांगून पाहावे.

आणि आता मामंजी. झडप बदललेल्या रुग्णाला रक्त पातळ राहण्यासाठी बहुधा वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमेरॉल ह्या गोळ्या दिल्या जातात, आणि दोन्ही गोळ्या शरीरातल्या व्हिटॅमिन केच्या कामात अडथळा आणूनच आपले काम करतात. आहारातून व्हिटॅमिन के एकदम वाढले की गोळीचा परिणाम कमी होतो, आणि झडप असलेल्या माणसात त्याचा अर्थ गुठळीचा धोका असा होतो. चिमटीभर बेझिलने काही होत नाही. दहा पानांत सुमारे २० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असते. परंतु जाऊबाईंची चटणी ही पाने वाटून केलेली आहे, आणि वाटल्यावर पानांचा ढीग किती लहान होतो हे आपल्याला ठाऊकच आहे. एका माणसाच्या वाट्याला ३० ग्रॅम पाने आली, आणि आवडीने खाणाऱ्याच्या वाट्याला सहज येतात, तर १२० मायक्रोग्रॅमहून अधिक व्हिटॅमिन के एका बैठकीत पोटात जाते. त्यात चटणीतले तेल ते शोषून घ्यायला मदतच करते. म्हणजे जे पान आपल्या हिमोग्लोबिनसाठी फारच थोडे ठरते, तेच मामंजींच्या गोळीसाठी पुरेसे जास्त ठरू शकते. वर आपण ताटाचा हिशोब केला, तसा प्रमाणाचा हिशोब का करावा याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नसते.

याचा अर्थ मामंजींनी बेझिल, पालक, कोथिंबीर सगळे सोडून द्यावे असा मुळीच नाही. हिरव्या भाज्या एकाएकी बंद केल्या तर रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होण्याची भीती असते, आणि तोही धोकाच आहे. महत्त्व आहे ते सारखेपणाला. सहा दिवस काही नाही आणि रविवारी वाटीभर, असे करण्याऐवजी रोज चमचाभर, ठरलेले, तेवढेच, असे ठेवावे, आणि हा बदल करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना चटणीची गोष्ट स्पष्टपणे सांगून आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहण्याची, पुढची तपासणी कधी करायची ते विचारून घ्यावे. मागच्या काही तपासण्यांत आकडा वरखाली होत राहिला असेल आणि त्याचे कारण कोणाला कळले नसेल, तर तपासणीच्या तारखा आणि चटणीचे रविवार शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. डॉक्टरांना न विचारता गोळी कमी-जास्त करू नये. ग्रीन टीविषयी म्हणाल तर गाळलेल्या कपात व्हिटॅमिन के जवळजवळ नसते, म्हणून मामंजींनी एखादा कप घेतल्याने चिंता नाही. मात्र मात्चा, म्हणजे ग्रीन टीच्या पानांची बारीक पूड, जी पाण्यात घुसळून पानासकट प्यायली जाते, ती त्यांना देऊ नये.

कुंड्या ठेवाव्यात की नाही, हे आपण विचारलेले नाही, पण जाऊबाईंचा हिरमोड होऊ नये म्हणून लिहिते: अवश्य ठेवाव्यात. फुलांचे तुरे दिसू लागले की शेंडे खुडत राहावे, म्हणजे पाने येत राहतात. मे महिन्याच्या उन्हात कुंड्या दुपारी सावलीत सरकवाव्यात. खुडलेली पाने फ्रिजमध्ये ठेवू नयेत, थंडीने ती काळी पडतात. देठ पाण्याच्या पेल्यात ठेवून ओट्यावरच ठेवावीत. पदार्थात घालताना गॅस बंद केल्यावर, शेवटी, हाताने तोडून घालावीत. आपल्या पानात दहा, मामंजींच्या पानात रोज तेवढीच ठरलेली, आणि आपला ग्रीन टी सकाळी दहा-साडेदहाला आणि दुपारी चारला.